वेंडुलाच्या उशीवरची अळंबी

गाडीचं सरकतं दार ओढलं आणि वेंडुलाला आपल्या उशीवर अळंबी झोपलेली दिसली.

एकटीदुकटी नव्हे. अख्ख्या गादीवर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांवर अळंबीचे पातळ पातळ काप, एकाचा धक्का दुसऱ्याला लागणार नाही अशा बेताने, शिस्तीत पहुडले होते. छताला दोऱ्या बांधून त्यांवर आणखी माळा सोडल्या होत्या. इंजिन चालू होतं, हीटर घरघरत होता, आणि ओलं जंगल, मोजे आणि डिझेल यांचा मिळून असा एक वास आत कोंडला होता, की ज्याला कुठल्याच भाषेत नाव नसेल आणि नसलेलंच बरं.

"दार लाव, दार लाव! दमट हवा आत येतेय!" पुढच्या सीटवरून लुबोश ओरडला.

"लुबोश, मी रात्रभर उभी आहे."

"म्हणून तर म्हणतोय. उभी आहेस तोवर दार लाव."

वेंडुलाने दार लावलं. बाहेरून. मग दाराला कपाळ टेकून ती तशीच उभी राहिली. फळं निवडून पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसमधल्या सरकत्या पट्ट्यावरून रात्रभर किवी गडगडत येत होती, ती डोळे मिटल्यावरही यायची थांबत नव्हती.

वेंडुला, लुबोश आणि रादिम हे तिघे चेक. एका गावातले, एका वर्गातले. पस्तिशीच्या आत असलेल्या माणसाला न्यूझीलंड सरकार एक व्हिसा देतं. हिंडा-फिरा, दमलात की थोडं काम करा, पुन्हा हिंडा. याला 'कामासह सुट्टी' हे नाव ज्याने दिलं त्याने जन्मात ना कधी काम केलं असेल, ना कधी सुट्टी घेतली असेल. तिघांनी आल्या आल्या एक म्हातारी व्हॅन विकत घेतली, मागे फळ्या ठोकून पलंग केला आणि किवीच्या हंगामात येऊन कामाला लागले. गाडीचं मागचं दार उघडं, त्यातून बाहेर काढलेले अनवाणी पाय आणि पलीकडे निळा समुद्र, असे फोटो रादिम रोज इंटरनेटवर टाकायचा. खाली लिहायचा, 'स्वातंत्र्य'. ते पाय रादिमचेच असायचे. त्या पायांचा वास फोटोत येत नसे, म्हणून गावाकडची माणसं हळहळायची, की आपण आपलं आयुष्य फुकट घालवलं.

पलंग दोघांचा होता आणि माणसं तीन. वेंडुला मधली. एका बाजूने लुबोशचं कोपर, दुसऱ्या बाजूने रादिमचा गुडघा. तिने कूस बदलायची म्हटलं तर आधी दोघांना उठवून सभा घ्यावी लागे. म्हणून पॅकहाऊसच्या सुपरवायझर शेरिलने "रात्रपाळीला कोण?" असं विचारलं, तेव्हा वेंडुलाचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. हिशेब साधा होता. पोरं दिवसा बागेत फळं तोडणार, ती रात्री पट्ट्यावर फळं निवडणार. म्हणजे दिवसा सगळा पलंग आपला एकटीचा.

मग पाऊस आला. ओलं फळ तोडायचं नाही हा इथल्या बागांचा नियम, कारण तोडलेलं ओलं फळ सडतं. फळ भिजू नये म्हणून सगळे जपतात. माणसं भिजली तर त्याला 'सुट्टी' म्हणतात. तेव्हा लुबोश आणि रादिम दिवसभर गाडीत. आणि पाऊस थांबल्यावर रिकामा बसलेला चेक माणूस काय करतो हे जगाला ठाऊक नसलं तरी चेक बायकांना चांगलं ठाऊक आहे. तो छत्री मिटतो आणि टोपली उचलतो. मंत्री असो, गवंडी असो, न्यायाधीश असो, तो जंगलात अळंबीच्या मागे जातो. लुबोशच्या वडलांनी त्यांची अळंबीची जागा त्याला दाखवली ती त्याला मिशा फुटल्यावर. त्याच्या आईला अजून दाखवलेली नाही.

आणि या देशात समुद्राच्या मागे मैलोन् मैल पाइनची जंगलं, त्यांत अळंबी पायाखाली तुडवली जाते, आणि वाकून ती उचलणारा एक माणूस नाही. पहिल्या दिवशी लुबोश तिथून परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "वेंडुला, कुणी घेतच नाही गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

काच खाली करून त्याने आता डोकं बाहेर काढलं. "ए, रागावलीस का?"

"शेरिलने आज मला बाजूला घेतलं," दाराला टेकलेलं कपाळ न उचलता वेंडुला म्हणाली. "काल उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मी चांगली फळं काढून टाकत होते आणि किडकी पुढे पाठवत होते. ती म्हणाली, आज रात्री पुन्हा पेंगलीस तर उद्या यायचं नाही."

"वाईट बाई आहे."

"बाई बरोबर आहे, लुब्या! मला झोप पाहिजे. एक दिवस. सलग. आडवी होऊन. माझा पलंग मोकळा कर."

"संध्याकाळपर्यंत थांब. एक बाजू वाळलीये, दुसरी पलटायचीये."

"मी पण तेच म्हणतेय. माझी एकही बाजू अजून टेकलेली नाही."

मागच्या दाराशी पायरीवर बसून कॉफी पिणाऱ्या रादिमने तोंड उघडलं. रादिमचं आयुष्यभराचं धोरण एकच, समोर जो असेल त्याला हो म्हणायचं. "वेंडुलाचं बरोबर आहे," तो म्हणाला. मग लुबोशकडे बघून म्हणाला, "पण अळंबीचंही बरोबर आहे."

शेवटी वेंडुला पुढच्या दोन सीटांवर आडवी झाली. दोन सीटांच्या मध्ये गियरचा दांडा होता. त्याच्याशी काही तडजोड करून, पाय खिडकीतून बाहेर सोडून, तोंडावर जाकीट घेऊन ती पडली. दोन्ही पोरांनी शहाण्यासारखं समुद्रावर जायचं कबूल केलं. पाण्याचा आवाज दूर गेला, किवीची फळं पट्ट्यावरून हळूहळू दिसेनाशी व्हायला लागली, आणि...

टक टक टक.

"जिवंत आहेस ना, पोरी?"

काचेबाहेर एक सुरकुतलेला, काळजीने भरलेला चेहरा होता. ही नोलीन. रस्त्यापलीकडच्या घरात राहायची. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, त्यामुळे दिसेल त्या माणसाला सुखरूप घरी पोचवणं ही आपलीच जबाबदारी आहे असं तिला वाटायचं.

"आहे," वेंडुला म्हणाली.

"तुझा मित्र टोपलीभर अळंबी घेऊन आला, मी खिडकीतून बघितलं. खाल्लीस का तू?"

"नाही."

"खाऊ नकोस हं. जंगलातली अळंबी म्हणजे मरणच. आम्ही आपली दुकानातून आणतो, प्लास्टिकमध्ये बांधलेली."

"नाही खाणार. मी फक्त झोपणार आहे."

नोलीनचा चेहरा पडला. "झोप येतेय तुला?"

"खूप."

"अशीच सुरुवात होते म्हणतात," नोलीन म्हणाली. "बरं, तू पड. मी मधून मधून बघून जाईन."

आणि ती खरंच बघून गेली. वेंडुलाचा डोळा लागला रे लागला, की टक टक टक. "जिवंत आहेस ना?" एकदा तिने सोबत गरम स्कोन, म्हणजे लोण्याचा छोटा पाव, आणला. एकदा ब्लँकेट आणलं, आणि ते पांघरायला वेंडुलाला उठवलं. एकदा वेंडुलाने हाक ऐकूनही डोळे उघडले नाहीत, तर नोलीनने खिडकीतून बाहेर आलेल्या तिच्या तळव्याला बोट लावून गुदगुल्या केल्या आणि वेंडुला दचकून उठली तेव्हा "देवाची कृपा!" म्हणून डोळे पुसले. वाईट माणसाला शिवी देता येते. दार लावून घेता येतं. चांगल्या माणसाचं काय करायचं, यावर अजून कुणी उपाय काढलेला नाही. वेंडुलाने त्या ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून एक लांबलचक चेक शिवी दिली आणि वर तोंड काढून म्हणाली, "थँक यू, नोलीन."

दुपारी पोरं परतली तेव्हा वेंडुला सीटवर ताठ बसली होती. डोळे उघडे होते पण त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

"वाळलेली किती आहेत?" तिने विचारलं.

"दोऱ्यांवरची झाली. पण भरायची कशात? हवाबंद डबा पाहिजे. ओल लागली की बुरशी येते."

"अळंबीला बुरशी येते याची तुला काळजी," रादिम हसला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"दोऱ्यांवरची डब्यात गेली की पलंगावरची दोऱ्यांवर जातील?" वेंडुलाने एकेक शब्द नीट ठेवत विचारलं.

"हो."

"आणि पलंग मोकळा होईल?"

"हो. पण डबा कुठेय?"

वेंडुला उठली, पलंगाखाली वाकली आणि तिने डबा बाहेर ओढला. तो संडास होता.

हा असा उचलून नेता येणारा डब्यासारखा संडास मुक्कामाच्या प्रत्येक गाडीत असतो. फुकटच्या जागेत मुक्काम करायचा तर गाडीत संडास हवा, असा इथला कायदा. संडास असला की गाडीच्या काचेला एक स्टिकर मिळतो आणि मग समुद्राकाठी राहता येतं. त्यामुळे या देशातल्या रस्त्यांवर हजारो संडास हिंडत असतात, आणि त्यांतला एकही वापरायचा नाही अशी त्या त्या गाडीतल्या माणसांनी एकमेकांना शपथ घातलेली असते. कारण तो पलंगाखाली असतो, आणि पलंगावर आपण असतो. या तिघांनीही घेतली होती शपथ. गरज पडली की समुद्राकाठचं सार्वजनिक शौचालय गाठायचं, पाऊस असो की वारा. माणूस कुठे झोपतो, काय खातो, किती तास उभा राहतो, हे कुणी तपासत नाही. तो बसतो कुठे एवढंच सरकारला कळलं पाहिजे.

"वेंडे, काय बोलतेस तू?" लुबोश दोन पावलं मागे सरकला.

"कोरा आहे. कंपनीतून आला तसा. त्यातलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. झाकणाला रबर आहे, हवा जात नाही, वास जात नाही. त्यासाठीच तर बनवलाय."

"पण तो संडास आहे."

"तुझ्यासाठी संडास आहे. माझ्यासाठी तो माझा पलंग आहे."

लुबोशने झाकण उघडलं, आत नाक घातलं, प्लास्टिकची कड हाताने तपासली. बराच वेळ तो आतमध्ये बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तो भाव आला जो पहिल्या दिवशी जंगलातून परत येताना होता. "इतका चांगला डबा आमच्या घरीसुद्धा नाहीये," तो म्हणाला.

वेंडुलाने स्वतःच्या हाताने माळा उतरवल्या, स्वतः काठोकाठ संडास भरला, झाकण दाबून लावलं, पलंगावरचे काप दोऱ्यांवर चढवले, वर्तमानपत्रं झटकली, चादर पसरली, आणि बूट न काढता पालथी पडली.

टक टक टक.

"नोलीन, मी जिवंत आहे!" उशीत तोंड खुपसून वेंडुला ओरडली.

"मी नोलीन नाही," एक जाड आवाज म्हणाला.

दारात नारिंगी जाकिटातला एक गलेलठ्ठ माणूस उभा होता. त्याच्या मागे नोलीन. हा नेव्हिल, मुक्कामाच्या जागा तपासणारा नगरपालिकेचा माणूस.

"या बाईंचा फोन आला," नेव्हिल म्हणाला. "इथे तिघांना विषबाधा झाली म्हणे."

"कुणालाही काही झालेलं नाही," रादिम म्हणाला.

"दिसतंय." नेव्हिल वळला, दोन पावलं चालला आणि थांबला. सरकारी माणूस एकदा आला की तसाच जात नाही, त्याला कुठेतरी शिक्का उमटवावा लागतो. "आलोच आहे तर संडास बघून घेतो. स्टिकर जुना दिसतोय."

"आहे ना संडास," लुबोश म्हणाला.

"असून चालत नाही. पलंग घातलेला असताना वापरता आला पाहिजे. नियम आहे. पलंग घातलाय, छान. आता संडास काढा, आणि कुणीतरी एकजण बसून दाखवा. कपडे घालूनच. मला नुसतं बघायचंय की डोकं छताला लागत नाही."

रादिमने संडास बाहेर ओढला. त्याच्यावर बसला. छतावरच्या माळांमुळे त्याच्या दोन्ही कानांवर अळंबी लोंबत होती. वर्षानुवर्षं बसतोय अशा थाटात त्याने पाय पसरले.

"ठीक," नेव्हिल म्हणाला. "आता झाकण उघडून बस."

"उघडून कशाला? डोकं तर लागत नाहीये."

"उठ बघू."

नेव्हिलने वाकून झाकण उघडलं. मग तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. नोलीनही मान लांब करून बघत होती.

"मी बरीच वर्षं संडास बघतोय," शेवटी तो म्हणाला. "बिअर बघितली. मोजे बघितले. एकदा एका पोराने त्यात त्याचं गिटारचं सामान ठेवलं होतं. खायची वस्तू मी आजपर्यंत बघितली नव्हती."

"कोरा आहे हो," लुबोश म्हणाला. "आतलं प्लास्टिकसुद्धा..."

"कोरा आहे हाच तर गुन्हा आहे, मित्रा. हा संडास नाही, कपाट आहे. हे बाहेर काढा."

"बाहेर काढून ठेवायचं कुठे?"

"पलंगावर ठेवा."

"पलंगावर ठेवलं तर मी कुठे झोपू?" वेंडुला उठून बसली.

"मग पलंग मोकळा ठेवा."

"मोकळा ठेवला तर ती संडासात जातात!"

नेव्हिलने टोपी काढून डोकं खाजवलं. हिशेब त्यालाही कळला. पलंग, संडास आणि अळंबी या तिघांतल्या दोघांनाच या गाडीत जागा होती. "मी पलंग आणि संडास एवढंच मागू शकतो," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "तिसऱ्याचं तुम्ही बघा. मी समोरच्या गाड्या तपासून येतो, तोवर नाही बघितलंत तर मुक्काम हलवा."

मुक्काम हलवायचा म्हणजे गाडी चालवायची. चालत्या गाडीत पलंगावर झोपता येत नाही, आणि पुढची फुकटची जागा कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. वेंडुलाने लुबोशकडे बघितलं.

"फेक," ती म्हणाली.

"अजिबात नाही."

"लुबोश, फेक!"

"अगं, जंगलातून वेचलेली अळंबी फेकायची? माझा बाप मेला तरी..."

"तुझा बाप तिकडे सोफ्यावर झोपलाय! मी फेकते मग. नाहीतर खाऊन टाक सगळी. हो, खा! तेवढी एकच जागा उरलीये या गाडीत, तुझं पोट!"

ती रागाने म्हणाली, पण लुबोशच्या डोळ्यांत दिवा लागला. त्याने खालून गॅसची शेगडी काढली. सगळ्यांत मोठं पातेलं काढलं. बटाटे काढले, साय काढली, अंडी काढली, आणि घरून आणलेली शहाजिऱ्याची पुरचुंडी काढली, जिला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. कापांची बुळबुळीत साल त्याने वेचतानाच सोलली होती. ती राहिली तर पोट बिघडतं, एवढाच काय तो धोका. थोड्याच वेळात गाडीबाहेर घट्ट, पांढरं, आंबटसर सूप रटरटायला लागलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हवेला चांगला वास आला.

"अरे बाळांनो, नका रे!" नोलीनने हात जोडले. "मी तुम्हाला ब्रेड देते. मी हॅम देते. तुमच्या आया तिकडे वाट बघत असतील."

"आमच्या आयांनीच शिकवलंय हे," लुबोश म्हणाला आणि त्याने वाटी तोंडाला लावली.

रादिमने फोटो काढला आणि मग खाल्लं. नेव्हिल परत आला. पातेल्याकडे बघितलं. "हे ते संडासातलं?"

"प्लास्टिक कोरं होतं," रादिम म्हणाला.

"नुसता वास घेतो," नेव्हिल म्हणाला. वास घेतला. मग म्हणाला, "एक चमचा, कायद्यापुरता." मग तो पातेल्याशेजारी बसला आणि वाटी शोधायला लागला.

वेंडुलाने वाटी दोन हातांत धरली. रात्रीपासून तिच्या पोटात स्कोनशिवाय काही नव्हतं. पहिला घोट खाली गेला आणि तिच्या आत कुठेतरी घट्ट आवळून धरलेली एक मूठ सैल झाली. आजारी पडली की आई अंथरुणात आणून द्यायची, तीच चव. तिने वाटी संपवली. खाली ठेवली. "मी जरा..." असं म्हणाली, गाडीच्या कडेला टेकली, घसरत घसरत गवतावर आडवी झाली आणि गेली.

पुढचं वेंडुलाला नंतर कळलं. नोलीन म्हणाली, "जिवंत आहेस ना?" उत्तर नाही. नोलीनने गुदगुल्या केल्या. नाही. गाल थोपटले. नाही. कानात ओरडली. वेंडुला तोंड उघडं टाकून पडली होती. लुबोश म्हणत होता, "अहो, झोपलीये ती, झोपू द्या," आणि मारेकरी असंच म्हणणार याबद्दल नोलीनला शंका नव्हती. आयुष्यभर तिने एकही मूल वाटेत हरवू दिलं नव्हतं. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

वेंडुलाला अर्धवट जाग आली तेव्हा अंगाखाली काहीतरी पांढरं, ताठ, इस्त्री केलेलं होतं. उशीला कसलाच वास नव्हता. पाय लांब केले तर ते कुठेच लागले नाहीत. आपण मेलो आहोत असं तिला वाटलं आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. मग रादिमचा आवाज आला.

"फोन तुझ्या खिशात होता. झोपमोड होऊ नये म्हणून तू बंद केला होतास ना? शेरिलचा निरोप आलाय, दुपारीच. आज शिफ्ट नाही. पावसामुळे फळच आलं नाही, पॅकहाऊस बंद."

वेंडुलाला हसावं की रडावं कळेना. दोन्हीसाठी लागणारी ताकद नव्हती. फळ नाही तर माणूसही नको; आणि हे सांगायला एक ओळ पुरते. तिने पापण्यांच्या फटीतून बघितलं. पलंगाच्या पायाशी लुबोश, रादिम, नोलीन आणि टोपी हातात धरलेला नेव्हिल उभे होते. समोर डॉक्टर होती. तरुण, आणि डोळ्यांखाली वेंडुलाइतकीच काळी.

"रक्त ठीक आहे. हृदय ठीक आहे. सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "माझ्या मते ही झोपलीये."

"झोपलेलं माणूस हाक मारली की उठतं," नोलीनने बजावलं.

"दमलेलं उठत नाही," डॉक्टर म्हणाली आणि लुबोशकडे वळली. "एकच प्रश्न. काही अळंबीचं विष उशिरा चढतं. अळंबी तू वेचलीस ना? तुला नीट ओळखता येते? पूर्ण खात्री असेल तर हिला आत्ता घेऊन जा. नसेल तर मला हिला ठेवून घ्यावं लागेल. आज, उद्या, वाटलं तर परवाही."

वेंडुलाने डोळे उघडले नाहीत, पण तिची सगळी झोप कानांत येऊन बसली. घेऊन जा म्हणजे ती गाडी. ती ओली चादर. मध्ये ती, एकीकडे कोपर, एकीकडे गुडघा. आणि लुबोश काय म्हणणार हे तिला लहानपणापासून पाठ होतं. चौथीत असताना बाईंनी फळ्यावर काढलेलं अळंबीचं चित्र चुकलं म्हणून हा उभा राहून बाईंशी भांडला होता. पोलीस मारायला आले तरी तो अळंबीच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. तिने पापणी किंचित उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. तोही तिच्याकडेच बघत होता.

लुबोशने तोंड उघडलं. मिटलं. त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"खात्री नाही." त्याचा आवाज चिरला. "मला... तितकंसं कळत नाही त्यातलं. चूक झाली असेल."

रादिमच्या हातातून फोन पडला. अंत्ययात्रेत सुद्धा त्याचा चेहरा इतका गंभीर कुणी बघितला नसेल.

"बघितलंत?" नोलीन विजयाने म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

डॉक्टरने सुस्कारा टाकला. "मग खाल्लेल्या सगळ्यांनाच राहावं लागेल. तू खाल्लंस. तूही खाल्लंस. आणखी कुणी?"

"मी नाही," नेव्हिल पटकन म्हणाला. "मी फक्त एक चमचा. कायद्यापुरता."

"तीन वाट्या," नोलीन म्हणाली. "तिसरी तर पातेलं पुसून."

अशा रीतीने चार पलंग लागले. रांगेत, पांढरे, एकेकाचे. बाहेर अजून उजेड होता आणि पाऊस पुन्हा सुरू झाला होता. नेव्हिलने एकदा विचारलं, "खरंच विषारी होती का रे?" आणि उत्तर मिळेना, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून बायकोला फोन लावला आणि तिला सांगितलं की तिचं त्याच्यावर प्रेम असेल अशी त्याला आशा आहे. रादिम चादर हनुवटीपर्यंत ओढून आढ्याकडे बघत होता. फोटो काढायचं त्याला सुचलं नाही, आणि मग तो झोपला. नेव्हिलही घोरायला लागला.

लुबोश जागा होता. तो या कुशीवर वळला. त्या कुशीवर वळला. उठून बसला. पुन्हा पडला.

"वेंडुला."

"हं."

"चांगली होती ती. एकूण एक. मी डोळे बांधून सांगेन."

"माहितीये मला."

"माझ्या बापाला कळलं तर तो माझं नाव टाकेल."

"नाही कळणार. झोप आता."

पावसाचा आवाज वाढला. जंगलात काय काय उगवत असेल ते लुबोशला इथूनही दिसत असावं. मग तो कोपरावर उठला.

"वेंडुला, मी उद्या सकाळी डॉक्टरला खरं सांगून टाकतो. मला राहवणार नाही."

"लुबोश," डोळे मिटूनच वेंडुला म्हणाली, "परवा सांग."